मल्टिक्लास करायचाय? एक ना धड भाराभर चिंध्या होऊ नयेत म्हणून आधी हे वाचा

डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकत टेबलाभोवती खेळायचा भूमिका-खेळ) खेळायला लागून दोन-चार महिने झाले की प्रत्येकाच्या डोक्यात हा किडा वळवळायला लागतोच, की माझा फायटर आहे ते ठीक, पण त्याला थोडी जादू आली तर? किंवा माझी क्लेरिक चोरासारखी हळूच घुसू शकली तर? नियम तशी परवानगी देतात, लेव्हल वाढली की जुन्या क्लासऐवजी (क्लास म्हणजे पात्राचा पेशा, फायटर, विझर्ड वगैरे) नवीन क्लासची पहिली लेव्हल घ्यायची, हाच मल्टिक्लास, झालं. इतकं सोपं आहे म्हणूनच लोक फसतात.

माझा पहिला मल्टिक्लास रॉग आणि विझर्डचा होता. कागदावर काय भारी दिसत होता, गुपचूप आत शिरणार, जादूने कुलूप उघडणार, अंगाशी आलं की गायब. रॉगच्या तीन लेव्हल घेतल्या, विझर्डच्या दोन. पाचव्या लेव्हलला पहिली मोठी लढाई झाली तेव्हा आमचा फायटर एका टर्नमध्ये दोन वार करत होता, पार्टीतली दुसरी विझर्ड फायरबॉल टाकून ८डी६ (सहा बाजूंचे आठ फासे) डॅमेज एकदम पाच-सहा गॉब्लिनांच्या अंगावर ओतत होती आणि मी एक बाण मारला, त्यावर रॉगला मोक्याच्या वारावर मिळणारा जादा २डी६ स्नीक अटॅक. पुढच्या टर्नला मॅजिक मिसाइल. डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) विचारलं, "तुझं झालं?" मी म्हटलं, "हो, झालं." तोही दोन सेकंद थांबला, त्याला वाटलं मी अजून काहीतरी करणारे.

तेव्हापासून मी एक सवय लावून घेतली. मल्टिक्लासमध्ये काय मिळणार हे सगळेच बघतात, पण काय उशिरा मिळणार हे कोणी लिहून काढत नाही, आणि खेळताना तर तेच टोचतं. तर तो हिशोब कसा मांडायचा ते सांगतो. मी मुख्यतः २०१४ ची पाचवी आवृत्ती धरून बोलतोय, कारण बरीच टेबलं अजून तीच खेळतात, २०२४ च्या नवीन नियमांत जिथे फरक पडतो तिथे तसं सांगेन.

सगळ्यात आधी: खरंच गरज आहे का?

"मला फक्त थोडी जादू हवीये" एवढंच असेल तर मल्टिक्लास करूच नका. फायटरला तिसऱ्या लेव्हलला एल्ड्रिच नाइट हा सबक्लास (क्लासमधली खास शाखा) घेता येतो, रॉगला आर्केन ट्रिकस्टर. दोघांनाही विझर्डचे स्पेल (मंत्र) मिळतात आणि मूळ क्लासची एकही लेव्हल हातची जात नाही. माझ्या त्या रॉगला हेच हवं होतं, पण मी सबक्लासचं पान नीट वाचलं नव्हतं. त्याहून कमी हवं असेल तर मॅजिक इनिशिएट नावाचं फीट (वेगळी घ्यायची खास क्षमता) आहे, दोन कँट्रिप (कितीही वेळा टाकता येणारे छोटे स्पेल) आणि पहिल्या लेव्हलचा एक स्पेल. बऱ्याच जणांची हौस तेवढ्यावर भागते.

आणि हो, २०१४ च्या नियमांत मल्टिक्लास आणि फीट दोन्ही ऐच्छिक आहेत, म्हणजे डीएम हो म्हणाला तरच. कॅरेक्टर शीट भरून झाल्यावर विचारू नका, आधी विचारा.

पायरी १: १३ चा आकडा

नवीन क्लासमध्ये शिरायचं तर त्या क्लासच्या मुख्य अ‍ॅबिलिटीमध्ये (ताकद, चपळाई अशा सहा गुणांपैकी एक) किमान १३ लागतात, आणि ज्या क्लासमधून निघताय त्याच्याही अ‍ॅबिलिटीत १३ लागतात. हा दुसरा भाग लोक हमखास विसरतात. बार्बेरियनला स्ट्रेंथ, रॉगला डेक्स्टेरिटी, विझर्डला इंटेलिजन्स, क्लेरिक आणि ड्रुइडला विस्डम, बार्ड सॉर्सरर वॉरलॉक या तिघांना करिश्मा. फायटरला स्ट्रेंथ किंवा डेक्स्टेरिटी काहीही चालतं. पॅलाडिनला मात्र स्ट्रेंथ आणि करिश्मा दोन्ही, मंक आणि रेंजरला डेक्स्टेरिटी आणि विस्डम दोन्ही.

आता पॉइंट बायमध्ये (ठरलेल्या पॉइंटांत हे आकडे विकत घ्यायची पद्धत) एकूण २७ पॉइंट असतात, १३ ला ५ जातात, १४ ला ७ आणि १५ ला ९. दोन १५ आणि एक १४ घेतला की २५ संपले, उरले २. म्हणजे तीन अ‍ॅबिलिटी चांगल्या आणि बाकीच्या तीन रडक्या. त्यातला एक चांगला आकडा कॉन्स्टिट्यूशनला (दमखम) द्यावाच लागतो, नाहीतर पहिल्या दोन वारांत आडवे. मग तुमच्या दोन क्लासना मिळून दोनच अ‍ॅबिलिटी पुरायला हव्यात. पॅलाडिन-सॉर्सरर जमतं ते यामुळेच, करिश्मा दोघांना कामाला येतो. मंक-विझर्डला डेक्स्टेरिटी, विस्डम, इंटेलिजन्स आणि वर कॉन्स्टिट्यूशन, त्या जोडीच्या वाटेला मी तरी जाणार नाही. हिरमोड होईल काहींचा, पण नुसते तेरा असून भागत नाही, तेराचा बोनस फक्त +१ असतो आणि त्यावर टाकलेला स्पेल शत्रू हसत हसत चुकवतो.

पायरी २: सुरुवात कुठून?

पहिल्या लेव्हलला जो क्लास घ्याल त्याच्याच सेव्हिंग थ्रोच्या (संकट टाळायला टाकायचा फासा) प्रोफिशियन्सी (सरावाचा बोनस) मिळतात, नंतरच्या क्लासच्या कधीच नाही. आर्मर आणि स्किलचंही तसंच, नंतर आलात तर अर्धवट यादी मिळते. उदाहरण घ्या, विझर्डला आर्मर हवंय म्हणून फायटरची एक लेव्हल घ्यायचीये. आधी विझर्ड आणि मग फायटर केलंत तर लाइट आर्मर, मीडियम आर्मर आणि ढाल मिळेल, हेवी आर्मर नाही. उलट पहिली लेव्हल फायटर आणि दुसरीपासून विझर्ड केलंत तर हेवी आर्मर मिळतं आणि कॉन्स्टिट्यूशन सेव्ह पण, जो काँसंट्रेशन (चालू स्पेलवरचं लक्ष) टिकवायला लागतो (अंगावर वार बसला की १० किंवा डॅमेजचं निम्मं, जे जास्त असेल तेवढं गाठावं लागतं). तेच दोन क्लास, तेवढ्याच लेव्हल, फक्त क्रम उलटा, आणि कॅरेक्टर बराच दणकट.

हिट पॉइंटचंही (किती मार सोसू शकता तो आकडा) लक्षात ठेवा. पहिल्या लेव्हललाच पूर्ण हिट डाय (हिट पॉइंट ठरवणारा फासा) मिळतो, म्हणजे बार्बेरियनचे १२ किंवा विझर्डचे ६. दुसऱ्या क्लासमध्ये उडी मारली तर तिथे परत पूर्ण मिळत नाही, रोल करा नाहीतर सरासरी घ्या.

पायरी ३: उडी कधी मारायची

माझं उत्तर, पाचवी झाल्यावर. अपवाद आहेत, वरचा फायटर-विझर्ड हाच एक, पण कारण न समजता अपवाद करू नका.

पाचव्या लेव्हलला खेळ बदलतो. फायटर, बार्बेरियन, पॅलाडिन, रेंजर, मंक या सगळ्यांना एक्स्ट्रा अटॅक मिळतो, विझर्ड आणि सॉर्सररला फायरबॉलसारखे तिसऱ्या लेव्हलचे स्पेल. डीएम पण त्या हिशोबानेच समोर राक्षस आणायला लागतो. आणि तुम्ही तीन अधिक दोन करून बसलात की तुमची पाचवी येते ती पार्टीच्या सातव्या नाहीतर आठव्या लेव्हलला. प्रत्यक्षात तेवढे सेशन म्हणजे किती महिने, आणि मधेच कोणाची परीक्षा, कोणाची बदली, कँपेन बंद! वीस लेव्हलचा बिल्ड बनवणाऱ्यांना मी नेहमी हेच विचारतो, की आत्ता चौथ्या लेव्हलला तू काय करतोस ते सांग ना.

दुसरी मेख म्हणजे अ‍ॅबिलिटी स्कोअर वाढवायची संधी. ती एकूण लेव्हलवर नाही, क्लासच्या लेव्हलवर मिळते, प्रत्येक क्लासच्या चौथ्या, आठव्या, बाराव्या वगैरे. फायटर ३ आणि रॉग ३ असा सहाव्या लेव्हलचा माणूस असेल तर त्याला एकदाही वाढ मिळालेली नसते. म्हणून दुसऱ्या क्लासमध्ये घुसलात तर एक-दोन लेव्हलवर परत फिरा, नाहीतर चारपर्यंत जा. तीनवर थांबायला सबक्लास तसाच जोरदार पाहिजे.

प्रोफिशियन्सी बोनस मात्र एकूण लेव्हलवर वाढतो. कँट्रिपचं डॅमेज पण. त्यामुळे २०१४ च्या नियमांत वॉरलॉकच्या फक्त दोन लेव्हल घेतलेला बार्डसुद्धा एकूण सतराव्या लेव्हलला एल्ड्रिच ब्लास्टचे चार किरण (वॉरलॉकचा हा कँट्रिप आहे) सोडतो आणि अ‍ॅगनायझिंग ब्लास्ट घेतलं असेल तर प्रत्येक किरणाला करिश्मा जोडतो. दोन लेव्हलची किंमत देऊन एवढं देणारी दुसरी जोडी पटकन आठवत नाही.

पायरी ४: तुमचा टर्न लिहून काढा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात जास्त टाळली जाणारी. कागदावर मुख्य कृती, छोटी जादा कृती आणि प्रत्युत्तर अशा तीन ओळी लिहा: अ‍ॅक्शन, बोनस अ‍ॅक्शन, रिअ‍ॅक्शन. दोन्ही क्लासच्या तुम्हाला आवडलेल्या गोष्टी त्यापुढे भरा. एका ओळीत चार गोष्टी आणि दुसरी ओळ रिकामी असेल तर गडबड आहे.

मंक आणि रॉग बघा. दोघंही चपळ, दोघांनाही डेक्स्टेरिटी, अगदी जुळी भावंडं वाटतात. पण मंकचे जादा ठोसे बोनस अ‍ॅक्शनवर, रॉगची झटकन पळायची-लपायची कनिंग अ‍ॅक्शन पण बोनस अ‍ॅक्शनवर, टर्नमध्ये बोनस अ‍ॅक्शन एकच. वाईट नाहीये हे, पण जे दोन्ही एकदम करायचं स्वप्न होतं ते होत नाही. त्याहून वाईट बार्बेरियन आणि कुठलाही जादूगार. रेजमध्ये (बार्बेरियनचा संताप) असताना स्पेल टाकता येत नाही आणि आधी टाकलेल्यावर काँसंट्रेशन पण ठेवता येत नाही. म्हणजे दोनपैकी एक क्लास कायम घरी बसलेला.

याउलट फायटरची दुसरी लेव्हल, अ‍ॅक्शन सर्ज, तिला ना अ‍ॅक्शन लागते ना बोनस अ‍ॅक्शन, उलट ती एक अ‍ॅक्शन वाढवून देते. म्हणून ती कुठेही चिकटते. २०२४ मध्ये त्यांनी तिला वेसण घातलीये, जादा अ‍ॅक्शनवर मॅजिक अ‍ॅक्शन करता येत नाही, त्यामुळे एका टर्नमध्ये दोन मोठे स्पेल उडवणारे सगळे हळहळले. पॅलाडिनच्या डिव्हाइन स्माइटचंही तेच, २०१४ मध्ये वार लागला की स्लॉट (स्पेल टाकायची मोजकी संधी) जाळून डॅमेज वाढवायचं, टर्नमध्ये कितीदाही. आता ते स्पेल झालंय आणि बोनस अ‍ॅक्शन खातं, म्हणजे टर्नला एकदाच.

पायरी ५: स्पेल स्लॉटचं गणित, इथे डोकं शांत ठेवा

दोन वेगळे हिशोब आहेत आणि ते एकमेकांत मिसळायचे नाहीत. पहिला, कुठले स्पेल येतात. ते प्रत्येक क्लाससाठी वेगळं, जणू काही तुम्ही फक्त तोच क्लास आहात. दुसरा, स्लॉट किती. ते सगळं एकत्र.

स्लॉटसाठी बार्ड, क्लेरिक, ड्रुइड, सॉर्सरर, विझर्ड यांच्या लेव्हल पूर्ण मोजा. पॅलाडिन आणि रेंजरच्या निम्म्या, एल्ड्रिच नाइट आणि आर्केन ट्रिकस्टरच्या एक तृतीयांश, अपूर्णांक सोडून द्यायचा. बेरीज आली की मल्टिक्लासच्या तक्त्यात बघा.

म्हणजे क्लेरिक १ आणि विझर्ड ४, बेरीज ५. तक्ता सांगतो पहिल्या लेव्हलचे ४ स्लॉट, दुसऱ्याचे ३, तिसऱ्याचे २. लगेच फायरबॉल? नाही! विझर्ड चौथ्या लेव्हललाच आहे, त्याच्या वहीत दुसऱ्या लेव्हलपर्यंतचेच स्पेल लिहिता येतात. तिसरे स्लॉट आहेत पण त्यात घालायला छोटेच स्पेल, मोठे करून टाकायचे. ही चूक मी इतक्या टेबलांवर बघितलीये की आता नवीन माणूस "तिसरा स्लॉट आला" म्हणाला की मी वही मागतो.

पॅलाडिन-सॉर्सररवाल्यांना हा तोटा वाटतच नाही, कारण रिकामे मोठे स्लॉट २०१४ मध्ये सरळ स्माइटमध्ये जातात, पहिल्या लेव्हलच्या स्लॉटला २डी८ आणि पुढे प्रत्येक लेव्हलला एक डी८ जास्त, कमाल ५डी८. पॅलाडिन ६ (निम्मे ३) आणि सॉर्सरर ४, बेरीज ७, स्लॉट ४, ३, ३, १. नुसत्या दहाव्या लेव्हलच्या पॅलाडिनकडे चौथ्या लेव्हलचा स्लॉट नसतोच. आणि सहापर्यंत पॅलाडिन का, तर सहाव्याला ऑरा ऑफ प्रोटेक्शन मिळतो, जवळच्या सगळ्यांच्या सेव्हला तुमचा करिश्मा जोडला जातो. तो सोडून आधी पळालात तर पार्टी शिव्या घालेल. पॅलाडिन ५ वरून सॉर्सरर १ केलंत तर एक गंमत होते, पाचाचे निम्मे दोन, अधिक एक, तीन, म्हणजे स्लॉट तेवढेच राहतात जेवढे आधी होते. २०२४ मध्ये निम्मं करताना वर पूर्णांक घेतात, तिथे चार होतात.

वॉरलॉक या सगळ्यात येत नाही. त्याचे स्लॉट वेगळ्या डब्यात, शॉर्ट रेस्टनंतर (छोट्या विश्रांतीनंतर) परत मिळणारे, बेरजेत धरायचे नाहीत. पण खर्च मात्र कुठल्याही क्लासच्या स्पेलवर करता येतात.

काय काय जमा होत नाही

एक्स्ट्रा अटॅक. फायटर ५ आणि रेंजर ५ केलंत तरी वार दोनच, तीन नाहीत. तिसरा वार फायटरच्या अकराव्या लेव्हललाच. बार्बेरियन आणि मंकचा अनआर्मर्ड डिफेन्स दोन्ही मिळत नाहीत, जो आधी मिळाला तोच. चॅनल डिव्हिनिटी (क्लेरिक आणि पॅलाडिनची दैवी शक्ती) दोन क्लासकडून मिळाली तर पर्याय वाढतात, वापरायची संख्या नाही.

एक जोडी जवळून: बार्बेरियन आणि रॉग

ही मी सध्या खेळतोय. ऐकायला विसंगत, एक आरडाओरडा करणारा आणि एक दबकत चालणारा. पण नियम बारकाईने वाचा. स्नीक अटॅकला फिनेस (रेपियरसारखं हलकं-चपळ) किंवा लांबून मारायचं शस्त्र लागतं, डेक्स्टेरिटी वापरलीच पाहिजे असं कुठेही लिहिलेलं नाही. रेपियर हातात घ्या आणि स्ट्रेंथने मारा. रेजचं जादा डॅमेज स्ट्रेंथच्या वारालाच मिळतं, ते पण लागू. बार्बेरियनचा रेकलेस अटॅक स्ट्रेंथच्या वारांना दोन फासे टाकून मोठा घ्यायचा अ‍ॅडव्हांटेज देतो, आणि अ‍ॅडव्हांटेज असला की स्नीक अटॅक. लपायची गरजच नाही, समोर उभं राहून बोंबलत स्नीक अटॅक करायचा.

स्ट्रेंथ १५ अधिक २, कॉन्स्टिट्यूशन १५ अधिक १, डेक्स्टेरिटी १४. पाच लेव्हल सलग बार्बेरियन, चौथ्याला स्ट्रेंथ १८ केली. मग रॉग. आठव्या लेव्हलला, म्हणजे ५ आणि ३ असताना, प्रत्येक वाराला १डी८ अधिक ४ अधिक रेजचे २, सरासरी साडेदहा. दोन्ही लागले तर २१, त्यात स्नीक अटॅकचे २डी६ म्हणजे सरासरी ७. एकूण २८.

आता प्रामाणिकपणे दुसरी बाजू. सरळ आठ लेव्हल बार्बेरियन राहिलो असतो तर आठव्याला स्ट्रेंथ २० झाली असती, ग्रेटस्वॉर्डचे २डी६ अधिक ५ अधिक २, सरासरी १४, दोन वार २८. सेम! एवढा खटाटोप करून डॅमेज एक पॉइंटने वाढलेलं नाही. वर तीन लेव्हल बारा ऐवजी आठच्या डायवर गेल्या, सरासरीने ६ हिट पॉइंट कमी.

मग मिळालं काय? रेपियर एका हातात असल्यामुळे दुसऱ्या हातात ढाल, आर्मर क्लास (वार लागायला शत्रूने गाठायचा आकडा) २ ने वर. अ‍ॅथलेटिक्समध्ये एक्सपर्टीज (दुप्पट प्रोफिशियन्सी बोनस), रेजमध्ये स्ट्रेंथ चेकला अ‍ॅडव्हांटेज असतोच, त्यामुळे मी ज्याला धरतो तो सुटत नाही. पहिल्या टर्नची बोनस अ‍ॅक्शन रेजला, नंतरच्या सगळ्या कनिंग अ‍ॅक्शनला मोकळ्या, ओळी भांडत नाहीत. दहाव्याला रॉग ५ झाला की अनकॅनी डॉज, रिअ‍ॅक्शन वापरून एका वाराचं डॅमेज निम्मं, आणि तलवार-कुऱ्हाडीचं रेजमुळे परत निम्मं. ४० चा वार, अंगाला लागतो १०. मला हे हवं होतं म्हणून केलं. तुम्हाला नुसतं डॅमेज हवं असेल तर ग्रेटस्वॉर्ड घ्या आणि सुखाने बार्बेरियन राहा.

तुमच्या जोडीचा असा दोन्ही बाजूंचा हिशोब मांडल्याशिवाय शीट पक्की करू नका. पाचव्या, आठव्या आणि दहाव्या लेव्हलला, नुसता क्लास विरुद्ध मल्टिक्लास. अर्धा तास लागतो.

डीएमशी बोलणं आणि बाकीचे खेळ

डीएमला दोन गोष्टी सांगा, यांत्रिक काय करताय आणि गोष्टीत ते कसं बसतं. वॉरलॉक घ्यायचाय तर करार कोणाशी झाला, कधी झाला? माझ्या बार्बेरियनला पार्टीतल्या रॉगनेच तीन सेशन कुलपं उघडायला शिकवलं, त्यातली दोन त्याने दारासकट उपटली. सॉर्सरर-वॉरलॉक करून शॉर्ट रेस्टवर शॉर्ट रेस्ट घेत वॉरलॉकचे स्लॉट सॉर्सररच्या जादूच्या पॉइंटमध्ये बदलत साठवत बसायची जी युक्ती आहे ती मात्र आधी उघड सांगा, लपवून आणलीत तर डीएम चिडणार आणि बरोबरच चिडणार. २०२४ खेळत असाल तर सगळे सबक्लास तिसऱ्या लेव्हलला गेलेत हे पण बघा, क्लेरिकची एकच लेव्हल घेऊन सबक्लासचे फायदे पळवायचं जुनं दुकान बंद झालंय.

दुसरा खेळ खेळत असाल तर हे आकडे तसेच उचलू नका. पाथफाइंडरच्या २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीत लेव्हल विभागतच नाहीत, मूळ क्लास चालू राहतो आणि दुसऱ्या लेव्हलपासून क्लास फीटच्या जागी दुसऱ्या क्लासचं डेडिकेशन (त्या क्लासमध्ये शिरायचं पहिलं फीट) घ्यायचं, मग त्याच वाटेची आणखी दोन फीट घेतल्याशिवाय आणखी कुठलं डेडिकेशन घेता येत नाही. मला ही पद्धत नवख्यांसाठी जास्त सुरक्षित वाटते, पाचव्या लेव्हलचा खड्डा तिथे नाहीच. डी अँड डीच्या १९७८ च्या नियमांत तर माणसांना एक क्लास सोडून दुसरा धरावा लागायचा आणि एल्फ वगैरे मंडळी दोन-तीन क्लास एकदम चालवायची, प्रत्येक लेव्हलला हवा तो क्लास ही मोकळीक २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत आली.

आणि आधीच चुकीचा मल्टिक्लास करून बसला असाल तर गप्प सहन करू नका. सेशन संपल्यावर, लढाईच्या मध्यात नाही, डीएमला सांगा की हे जमत नाहीये, लेव्हल बदलून देतोस का. मी तो रॉग-विझर्ड दोन महिने ओढला, शेवटी विचारलं तेव्हा डीएम म्हणाला, "अरे, मला वाटलं तुला असंच खेळायचंय." पुढच्या सेशनला तो पाच लेव्हलचा आर्केन ट्रिकस्टर होऊन आला, कोणी एका शब्दाने विचारलं नाही.